सोनकांबळे बाई आणि बसमधल्या मुली

सोनकांबळे बाईंना राग आला की त्या एकदम अदबीनं बोलायच्या. एरवी शिपायापासून संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांशी त्यांचं बोलणं खडखडीत, वाळलेल्या भाकरीसारखं. पण ‘आपण जरा बसता का?’ असं त्या म्हणाल्या, की समोरच्यानं खुर्ची न शोधता दार शोधावं.

पस्तीसेक वर्षांपूर्वी चाकूरच्या बाजूच्या आमच्या कन्याशाळेत मी मराठी शिकवायला लागले, तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत त्या म्हणाल्या, ‘पाटील बाई, आपण जरा बसता का?’ मी खुश होऊन बसले. म्हटलं, वयानं दहा-बारा वर्षांनी मोठी बाई किती मान देते! मी तेव्हा तीस वर्षांची होते, बी.एड. होते, पाटलांची सून होते आणि माझ्याकडं सहा नायलॉनच्या साड्या होत्या. अक्कल या चारांपैकी कशातच नव्हती.

झालं असं होतं, की नववीच्या मुलींना मी सांगितलं, डोंगरातली लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली. बाई इतिहास-भूगोल शिकवायच्या. माझ्या तासानंतर त्यांचा तास, आणि मुलींनी ते त्यांना ऐकवलं.

‘कुणी सांगितलं?’ बाईंनी विचारलं.

‘सगळेच सांगतात की.’

‘सगळे होते का तिथं बघायला? आणि एका रात्रीत कोरली म्हणता, तर मग ज्यांनी आयुष्यभर छिन्नी मारली, त्यांचे हात कुठं गेले?’

मी रुमालानं कपाळ पुसलं आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, ‘शाळेत एक फार उद्धट बाई आहे.’

‘कुणी सांगितलं?’ हा त्यांचा बाणाच होता. मुलगी म्हणाली, ‘बाई, पृथ्वी गोल आहे,’ तरी त्या विचारायच्या, ‘कुणी सांगितलं?’ आणि मग तिला मैदानात नेऊन, सावली दाखवून, काठी रोवून तासभर उन्हात उभी करायच्या. मुलींना त्या आवडायच्या. आम्हा शिक्षकांना मुळीच आवडायच्या नाहीत.

त्यांचं घर बौद्धवाड्यातलं, म्हणजे गावाच्या त्या टोकाला. वडील दुसऱ्याच्या शेतात सालगडी होते. बाई एम.ए. झाल्या होत्या, आमच्या हेडसरांहून एक पदवी जास्त, आणि हेडसरांना ती पदवी दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी सतत टोचायची. बाई डब्यात ज्वारीची भाकरी, ठेचा आणि सोललेला कांदा आणायच्या. डबा उघडला की सगळ्यांसमोर फिरवायच्या, ‘घ्या.’ कुणी घ्यायचं नाही. एकाचं पोट बिघडलेलं, दुसऱ्याचं जेवण झालेलं. मी म्हणायची, ‘मला उपवास आहे.’

एकदा सोमवारी म्हणाले. मग गुरुवारी म्हणाले. शुक्रवारी, शनिवारी, परत मंगळवारी. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाल्या, ‘पाटलीणबाई, आठवड्यात पाच उपवास तुमचे. देवाला तरी जरा सुट्टी द्या.’

सगळे हसले. मीही हसले. हसताना माझ्या पर्समध्ये शेंगदाण्याचा लाडू होता आणि पाच मिनिटांनी संडासाच्या मागं जाऊन मी तो खाल्ला. या प्रसंगाची मला आज लाज नाही, चीड येते. लाज म्हटलं की माणूस मान खाली घालून मोकळा होतो. मला मोकळं व्हायचं नाही.

बाईंचा दुसरा एक किस्सा निलंग्याचा. आम्ही मुलींना घेऊन खरोशाची लेणी बघायला गेलो होतो. तिथं एक तरुण खिळ्यानं दगडी खांबावर स्वतःचं नाव कोरत होता. शेजारी नवी बायको कौतुकानं उभी. बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, ‘आपलं नाव किती सुरेख! राहता कुठं आपण?’ त्यानं फुशारकीनं पत्ता सांगितला, निलंग्यातली गल्ली, घराचा रंगसुद्धा. पुढच्या रविवारी बाई एस.टी.नं निलंग्याला गेल्या. त्याच्या नव्यानं रंगवलेल्या भिंतीवर त्यांनी गेरूनं हातभर अक्षरात लिहिलं, ‘कु. शकुंतला सोनकांबळे, एम.ए., बी.एड. येथे येऊन गेल्या.’

त्याची आई लाटणं घेऊन बाहेर आली. ‘ए बाई, कोण गं तू? माझी भित काय तुझ्या बापाची हाय का?’

बाई म्हणाल्या, ‘न्हाई ना? तेच तुमच्या लेकाला विचारा. तो खांब तरी त्याच्या बापाचा होता का?’

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं, लाटणं लेकाच्या पाठीत घातलं आणि बाईंना आत बोलावून चहा पाजला. मला हे बाईंनी स्वतः सांगितलं. मी म्हटलं, ‘तुम्हाला भीती नाही वाटली?’ तर म्हणाल्या, ‘वाटली की. म्हणून तर दिवसाउजेडी गेले.’

आता माहूरचं सांगते. आमच्या शाळेची थंडीतली सहल दर वर्षी माहूरला जायची. पहाटे एस.टी. निघायची, नांदेडला चहा, पुढं हदगावच्या बाजूनं डोंगर सुरू व्हायचे. आमच्याकडं कसं, सगळी सपाट काळी जमीन, क्षितिजापर्यंत तूर नाहीतर हरभरा. त्यामुळं सागाचं जंगल, पैनगंगेचं पाणी आणि एकामागं एक चढत जाणारे डोंगर दिसले, की मुली खिडक्यांवर तुटून पडायच्या. त्यांच्यातल्या निम्म्यांनी तोवर मामाच्या गावापलीकडं काही बघितलेलं नसायचं. वर्षात एकदा मिळणारा तो एक दिवस होता.

आणि त्या दिवसाचा नियम असा, की माहूरला बस थांबली की हेडसर दाराशी उभे राहून, छताकडं बघत म्हणायचे, ‘ज्यांना अडचण आहे त्यांनी बसमध्येच थांबावं.’

दोघी-तिघी, कधी चौघी खाली मान घालून बसून राहायच्या. बाकीच्या देवीच्या पायऱ्या चढायला जायच्या. चार-पाच तास. बंद बस, खिडकीतून डोंगराचा पायथा दिसतोय, आणि ज्या दिवसाची वर्षभर वाट पाहिली तो रेक्झिनच्या सीटवर बसून संपवायचा. त्यांना सांभाळायला कोण? मी. कारण मला पायऱ्या चढायचा कंटाळा होता आणि पायात उंच टाचांच्या चपला होत्या. मी बसमध्ये मासिक वाचायची. वरून कुणी तांबुलाचा प्रसाद आणला, की त्या मुलींच्या ओंजळीत मी तो वरून टाकायची, स्पर्श होऊ नये अशा बेतानं. माझा नेम चांगला होता. एकदाही खाली पडला नाही.

बाई पहिल्यांदा सहलीला आल्या तेव्हा त्यांनी हे बघितलं. हेडसरांना म्हणाल्या, ‘सर, मी काही देवळात जात नाही. बसमधल्या मुलींवर मी लक्ष ठेवते. पाटील बाईंना दर्शन घेऊ द्या.’ हेडसर खुश. अर्ध्या तासात बाई त्या तीन मुलींना घेऊन माहूरच्या लेण्यांकडं निघाल्या. ड्रायव्हर म्हणाला, ‘बाई, तुम्हाला बसमधी थांबा म्हणलं ना?’

‘लक्ष ठेवा म्हणले. बसमधी बसवून काय लक्ष ठेवू? पोरी काय ट्रंका हायेत?’

लेणी बघून त्या किल्ल्यावर गेल्या. मी दर्शन घेऊन उतरत होते, तेव्हा एका पायरीवर माझ्या चपलेची टाच मोडली आणि मी फतकल मारून बसले. बाई समोरून मुलींना घेऊन आल्या. मुलींच्या वेण्या सुटलेल्या, हातात बोरं, एकीच्या फ्रॉकला काटे चिकटलेले. बाईंनी माझ्या चपलेकडं बघितलं. ‘काय पाटलीणबाई, डोंगराची उंची कमी पडली का?’

पुढच्या वर्षापासून ते ठरूनच गेलं. देवीला जाणाऱ्या मुली रांगेत, आणि ‘अडचणीच्या’ मुली बाईंबरोबर लेण्यात आणि किल्ल्यावर. त्या लेण्यात ओरडायच्या आणि आपलाच आवाज परत आला की किंचाळायच्या. बाई त्यांना छिन्नीच्या खुणांवर बोटं फिरवायला लावायच्या. ‘कुणी कोरलं, मला नक्की ठाऊक न्हाई. पण हातानं कोरलं, एवढं तुमच्या बोटाला कळतंय का?’ किल्ल्याच्या तटावर नेऊन सगळीकडचे डोंगर दाखवायच्या. त्या मुली शाळेत परतल्या की आठ दिवस सांगत सुटायच्या. रांगेत उभं राहून पाय पोळलेल्या मुली ऐकत राहायच्या.

त्याचा परिणाम काय व्हायचा तो झाला. एके वर्षी पाच जणींना अडचण. पुढच्या वर्षी नऊ. आणि त्याच्या पुढच्या वर्षी माहूरला बस थांबली, हेडसर छताकडं बघून बोलले, आणि चव्वेचाळीस मुलींपैकी एकतीस मुली जागेवरून हलल्या नाहीत.

हेडसरांनी छत सोडून पहिल्यांदा खाली बघितलं. ‘एकतीस? एका दिवशी?’

बाई मागच्या सीटवर होत्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते, कारण त्यांचं तोंड मी बघितलं होतं. आधी त्या चक्रावल्या. मग हसू दाबता दाबता त्यांना ठसका लागला. म्हणाल्या, ‘सर, मुलींची तब्येत एकूण झकास दिसते.’

हेडसर लाल झाले. माझ्याकडं वळून म्हणाले, ‘पाटील बाई, तुम्ही बघा जरा. खरं कोण, खोटं कोण, यादी करा.’

आता इथं मी काय करायला पाहिजे होतं, ते सातवीतल्या पोरीलाही कळेल. मी वही काढली. एकेका सीटपाशी जाऊन मुलींच्या कानाशी वाकून विचारलं, ‘खरं सांग.’ नावापुढं बरोबरची खूण नाहीतर फुली. मला फार महत्त्वाचं वाटत होतं. एकतीस मुलींच्या अंगातलं आतलं मी वहीत उतरवत होते आणि मला वाटत होतं, हेडसरांनी माझ्यावर केवढा विश्वास टाकला!

दहावीतली मंगल म्हणून एक मुलगी होती, रेणापूरकडची. काळीसावळी, हुशार, नाक वर. तिला विचारलं, तर ती सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, ‘तुम्हाला काय करायचंय बाई?’

मी फुली मारली.

तिनं उलट उत्तर दिलं म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. मी तिला परत विचारलंसुद्धा नाही.

बाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. ‘सर, मी यांना नेते.’ हेडसर म्हणाले, ‘कुणी कुठं जायचं नाही. हे तुमचंच काम आहे. तुमच्या लोकांना देवीचं काही नसतं, आमच्या मुली कशाला बिघडवता?’

बाईंचा आवाज खाली आला. ‘सर, आपण जरा ऐकता का? देवीकडं जाऊ नको असं मी एकाही मुलीला म्हटलं नाही. ते आपण म्हटलं. दर वर्षी, या दारात उभं राहून. आपण बसवून ठेवलेल्या मुलींना मी फक्त उठवलं.’ आणि मागं वळून म्हणाल्या, ‘चला गं.’

एकतीस मुली उतरल्या. लेणी बघून त्या किल्ल्याची वाट निम्मी चढल्या असतील, तेवढ्यात हेडसरांनी ड्रायव्हरला हॉर्न दाबून धरायला लावला. तो हॉर्न डोंगरभर घुमला. पाच मिनिटं, दहा मिनिटं, थांबेचना. मुली घाबरल्या, रडायला लागल्या. बाई त्यांना अर्ध्यातून परत घेऊन आल्या. मी बसच्या पायरीवर वही छातीशी धरून उभी होते.

पुढं संस्थेची चौकशी झाली. माझी यादी पालकांना वाचून दाखवली. हो, वाचून दाखवली. बापांना, चुलत्यांना, शाळेच्या व्हरांड्यात उभं करून. सांगण्यासारखी गोष्ट नाही म्हणून जी कुणी बोलत नव्हतं, तीच भर दुपारी मोठ्यानं. आणि वर, ‘देवीच्या दारात खोटं बोलल्या.’ बाईंना बोलावलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘मुली खोटं बोलल्या असतील तर मी शिकवलं. तसं लिहा, मी सही करते. आणि मुलींची नावं खोडा.’ त्यांनी बाईंची सही घेतली. नावं खोडली नाहीत. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे.

शिक्षा म्हणून बाईंची बदली संस्थेच्या किनवटकडच्या आश्रमशाळेत झाली, डोंगरातल्या. निरोपसमारंभ वगैरे नव्हता. ट्रंक टांग्यात ठेवताना अध्यक्षांना म्हणाल्या, ‘शिक्षेत डोंगर देणार हे आधी सांगायचं होतं. गुन्हा लवकर केला असता.’ माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या महिन्यात वडिलांनी मंगलचं नाव शाळेतून काढलं. उन्हाळ्यात तिचं लग्न लावून दिल्याचं कानावर आलं. मी म्हटलं, अरेरे. आणि पेपर तपासायला बसले.

मग माझी मुलं मोठी झाली, नातवंडं झाली, मी निवृत्त झाले. गेल्या थंडीत आम्ही सगळे गाडीनं माहूरला गेलो होतो. थोरल्या नातीला नेमकी त्याच दिवशी पाळी आली. सून म्हणाली, ‘तू गाडीत बस हं, आम्ही येतो पटकन.’ मी तोंड उघडलं आणि जे बोलले त्यानं लेक, सून, ड्रायव्हर सगळे गार. नात तेवढी हसत होती. पण बोलून झाल्यावर मला कळेना, की मी नेमकी कुणावर ओरडले. तिथल्याच एका चहावाल्याकडं बाईंची चौकशी केली. ‘सोनकांबळे म्याडम? हायत की. जवळच्या गावात. निवृत्त झाल्या तरी गेल्याच न्हाईत.’

मी एकटी गेले. दोन खोल्या, पुढं पेरूचं झाड, पलीकडं डोंगर. बाई सत्त्याहत्तरच्या. गुडघे गेलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, पण मला चालण्यावरून ओळखलं. ‘पाटलीणबाई! आपण बसा ना.’

आता मला त्या ‘आपण’चा अर्थ माहीत होता. तरी बसले. म्हटलं, ‘बाई, तेव्हा परिस्थिती तशी होती. माझं वय काय, समज काय. हेडसरांपुढं कोण बोलणार? नोकरी जायची भीती. मला फार वाईट वाटतं…’

त्यांनी ते सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘मंगल कुठं हाय?’

‘कोण जाणे. लग्न झालं म्हणे.’

‘कुणी सांगितलं?’

‘असं ऐकलं होतं…’

‘तीस वर्षं तू तिच्याच जिल्ह्यात राहिलीस. मी इथं डोंगराआड. आणि मला वाटत होतं, तू तरी बघत असशील!’ हातातली काठी त्यांनी जमिनीवर आपटली. ‘ऊठ. चहा न्हाई करत. आधी तिला शोध, मग ये.’

मी पासष्ट वर्षांची बाई, शाळेतून हाकललेल्या पोरीसारखी बाहेर आले.

शोधायला तीन आठवडे लागले. तीस वर्षं लागली नसती, तीन आठवडे लागले. रेणापूरच्या बाजारात तिचा भाऊ भेटला, त्यानं निलंग्याचा पत्ता दिला. मंगलची पिठाची गिरणी आहे. पन्नाशीकडं झुकलेली बाई, भुवयांवर पीठ. मला बघून तिनं पट्टा थांबवला.

‘पाटील बाई न्हवं? या. दळण कुठंय?’

‘दळण नाही गं. तुझ्याकडंच आले.’

‘माझ्याकडं दळणाबिगर कोन येतंय!’

मी सांगायला लागले. तिनं हात वर केला. ‘माझं ऐका. त्या दिशी मला खरंच आली होती. दुसरा दिवस होता. पोटात अशी कळ, की उभं ऱ्हाता येईना. आन् तुम्ही माझ्या नावापुढं फुली मारली. आबानं यादी ऐकली. देवीशी खोटं बोलली म्हून तीन म्हैने देवघरात पाऊल टाकू दिलं न्हाई. त्यात घरचा बैल मेला. तोबी माझ्यामुळंच. मंग म्हनले, उजवून टाका हिला. आबानं शाळेतनं नाव काढलं, तवा दहावीची परीक्षा दोन म्हैन्यांवर होती.’

मी गिरणीच्या पोत्यावर बसले. रडू आलं नाही. स्वतःचा इतका राग आला, की रडायला जागाच उरली नाही.

‘सोनकांबळे बाई हायत का?’ तिनं विचारलं.

‘आहेत. त्यांनीच तुला शोधायला पाठवलं.’

‘मंग मला येऊ द्या तुमच्यासंगं. त्यांनला एक विचारायचंय.’

मी समजले होते, गळाभेट होईल. म्हातारपणी माणूस भाबडं होतं. मंगल बाईंच्या खोलीत शिरली, पाया पडली, आणि उभ्या उभ्याच म्हणाली, ‘बाई, तुम्ही म्हनलात, पोरी खोटं बोलल्या असतील तर मी शिकवलं. समद्यांनी तुम्हाला मोठं म्हनलं. पर मी खोटं बोललेच न्हवते. माझं खरं होतं. तुम्ही समद्यांला इचारायच्या, कुनी सांगितलं. मला का न्हाई इचारलं?’

बाहेर पेरूवर पोपट भांडत होते. बाईंनी हातातली काठी बाजूला ठेवली. म्हणाल्या, ‘चुकलं माझं, मंगल.’

पुढं एक शब्द जोडला नाही. मग माझ्याकडं मान वळवली. ‘पाटलीणबाई, ऐकलंस? एवढंच म्हणायचं असतं. तू केवढं लांबण लावलं होतंस.’

मी म्हटलं, ‘मंगल, चुकलं माझं.’

‘व्हय, चुकलं,’ मंगल म्हणाली. ‘मी काय म्हनू आता? असू द्या, असं म्हनू? न्हाई म्हनत.’

‘म्हणू नको,’ बाई म्हणाल्या. ‘अजाबात म्हणू नको.’ आणि मग त्यांनी चहा ठेवला. तिघींनी बशीत ओतून प्यायलो. मंगलनं गिरणीचं सांगितलं, दोन लेकींचं सांगितलं. धाकटी लातूरला शिकते. मध्येच म्हणाली, ‘तो किल्ला तेवढा राहिला बघा. अर्ध्यातून आणलं तुम्ही आमाला.’

बाई उठल्याच. ‘चला.’

भाड्याच्या जीपनं आम्ही पायथ्याशी गेलो. बाईंना चढणं शक्य नव्हतं, मलाही दम लागत होता. बाई एका दगडावर टेकल्या. मंगलनं पदर खोचला आणि एकटी निघाली. बाई मागनं ओरडत होत्या, ‘दगडं सैल हायेत! पाय बघून टाक! घाई कुनाला हाय?’

‘तुम्हालाच हाय!’ वरून उत्तर आलं. झाडीत ती दिसेनाशी झाली.

बाईंनी कपाळावर हात धरून वर बघितलं. मोतीबिंदूच्या डोळ्यांना कुठलं दिसायला. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. माझ्याकडं त्यांनी मान वळवली नाही.

‘पोचली का? दिसते का तुला?’

‘हो, दिसते,’ मी म्हटलं. त्यांना बरं वाटावं म्हणून.

‘मला बरं वाटायसाठी सांगू नको. आधी बघ, मग सांग.’

मी उठले. झुडपाच्या पुढं गेले, उन्हावर हात धरला आणि तटाचा दगड न् दगड बघत गेले. डावीकडच्या बुरुजापासून सुरुवात केली. बराच वेळ नुसता दगड आणि गवत. मग एका पडक्या जागी हिरवं लुगडं हाललं.

‘दिसली, बाई. तटावर आहे. उजवीकडं, पडलेल्या भिंतीपाशी.’

‘काय करते? हात करते का आपल्याला?’

‘नाही. आपल्याकडं बघतच नाहीय. पलीकडं तोंड आहे तिचं. डोंगरांकडं.’

‘आणि?’

‘नुसती उभी आहे.’

‘उभी राहू दे,’ बाई म्हणाल्या. काठी आडवी मांडीवर घेऊन त्या तशाच, न दिसणाऱ्या तटाकडं बघत बसल्या. ‘कुणी हाक मारू नका तिला.’